परवलीचा शब्द हरवला तर

किल्ला हातचा गेल्याच्या आणि तो पुन्हां हातीं आल्याच्या कथा आपल्या इतिहासांत पुष्कळ आहेत. आज मी ज्या किल्ल्याविषयीं बोलणार आहें, तो मात्र टेबलावर मावतो. त्याचें नांव संगणक. आणि त्यांतहि लिनक्स नांवाच्या कार्यप्रणालीवर चालणारा संगणक. त्याच्या दारावरचा पहारेकरी साधारणपणें धन्याचें तोंड पाहत नाहीं कीं आवाज ऐकत नाहीं. तो एकच शब्द मागतो. तो शब्द धनी विसरला, किंवा ज्याला ठाऊक होता तो माणूस बदलीवर गेला, अथवा या जगांतूनच गेला, म्हणजे यंत्र आपलें, घर आपलें, विजेचें बिल आपण भरलेलें, आणि उंबऱ्याबाहेर आपणच उभे, अशी चमत्कारिक अवस्था होते. इंग्रजींत ज्याला पासवर्ड म्हणतात, त्याला मराठीनें ‘परवलीचा शब्द’ हा आपला जुना लष्करी प्रयोग दिला, हें मला फार योग्य वाटतें. रात्रीच्या पहाऱ्यावर मित्र कोण आणि शत्रु कोण हें ज्या शब्दानें ठरावें, तोच हा शब्द.

अशा वेळीं बहुतेकांच्या मनांत पहिला प्रश्न येतो तो असा, कीं तो शब्द यंत्रालाच विचारून घेतां येणार नाहीं काय? ज्या अर्थीं आपण टंकिलेला शब्द बरोबर कीं चूक हें तें सांगतें, त्या अर्थीं खरा शब्द त्याच्यापाशीं कोठें तरी लिहिलेला असलाच पाहिजे. हा तर्क सरळ आहे, आणि एके काळीं तो खराहि होता. आज तो खरा राहिलेला नाहीं. तो कसा पालटला, याचा इतिहास मी प्रथम सांगतों. कारण तो समजल्यावांचून कुलूपबंद यंत्रांत परत शिरण्याची रीत नुसती पाठ होते, कळत नाहीं.

अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेंत फर्नांडो कॉर्बातो आणि त्यांचे सहकारी यांनीं १९६१ सालीं एक नवी व्यवस्था करून दाखविली. तोंवर एक यंत्र एका वेळीं एकाचेंच काम करी. या व्यवस्थेनें एकाच प्रचंड यंत्रावर अनेक माणसांनीं आपापल्या जागीं बसून एकाच वेळीं काम करावें, असें साधलें. जेथें अनेकांचें बिऱ्हाड एका वाड्यांत, तेथें ज्याच्या त्याच्या खोलीला कुलूप हवेंच. म्हणून प्रत्येकास एक शब्द देण्यांत आला. पुढें कोट्यवधि लोकांच्या नशिबीं आलेल्या परवलीच्या शब्दाचें घराणें येथून सुरू होतें.

परंतु त्या आरंभकाळीं सर्वांचे शब्द एका यादींत जसेच्या तसे लिहून ठेवलेले असत. अ‍ॅलन शेर नांवाच्या संशोधकास आठवड्याला चारच तास यंत्र वापरण्याची मुभा होती, आणि त्याचें काम तेवढ्यांत भागेना. १९६२ सालीं त्यानें छिद्रपत्रिकेवर एक साधी मागणी लिहून दिली, कीं अमुक यादी छापून द्यावी. यंत्रानें ती छापून दिली! ती यादी सर्वांच्या परवलीच्या शब्दांची होती. ही गोष्ट त्यानें सुमारें पंचवीस वर्षांनीं कबूल केली. त्याहून गमतीची घटना त्याच दशकाच्या मध्यास घडली. एका शुक्रवारीं सायंकाळीं दोन तात्पुरत्या कागदांची नांवें आपसांत बदलली गेलीं, आणि जो कोणी यंत्रापुढें बसे त्याला नेहमींच्या स्वागताच्या सूचनेऐवजीं साऱ्या संस्थेच्या परवलीच्या शब्दांची यादी वाचावयास मिळूं लागली. कॉर्बातो यांनीं पुढें आपल्या ट्युरिंग पारितोषिकाच्या व्याख्यानांत ही हकीकत स्वतःच सांगितली आहे.

यावर तोड केंब्रिज विद्यापीठांत निघाली. रॉजर नीडहॅम यांची कल्पना अशी कीं, शब्द लिहूनच ठेवूं नये. त्याचें पीठ करून तें ठेवावें. जोंधळा दळला म्हणजे पिठावरून मूळचे दाणे पुन्हां जुळवितां येत नाहींत. पण तेच दाणे त्याच जात्यांत पुन्हां घातले तर तेंच पीठ पडतें. तेव्हां दारावर आलेल्या माणसानें शब्द सांगावा, पहारेकऱ्यानें तो दळावा आणि आपल्याजवळच्या चिमटीशीं ताडून पाहावा. जुळला तर आंत सोडावें. या रीतीनें पहारेकऱ्याला मूळ शब्द ठाऊक असण्याचें कारणच उरत नाहीं. मॉरिस विल्क्स यांनीं १९६८ सालच्या आपल्या ग्रंथांत या युक्तीची नोंद नीडहॅम यांच्या नांवावर केली आहे.

ही युक्ति घरोघर पोंचली ती युनिक्स या प्रणालीमुळें. केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत १९६९ सालीं तिचा पाया घातला. युनिक्सचें पहिलें जातें कोणतें होतें, हें इतिहासाच्या अभ्यासकास मौजेचें वाटेल. दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकन सैन्य एम-२०९ नांवाचें सांकेतिक लिपीचें एक लहानसें यंत्र वापरीत असे. त्याची नक्कल करून परवलीचा शब्द दळला जाई. पुढें लक्षांत आलें कीं, हें जातें फार वेगानें फिरतें. जो चोर एकामागून एक लाखो शब्द दळून पाहणार, त्याला वेगवान जातें सोयीचेंच! म्हणून मुद्दाम संथ जातें बसविलें, आणि एकाच शब्दास एकदां सोडून पंचवीस वेळां दळण्याचा नियम केला. शिवाय दळतांना प्रत्येकाच्या शब्दांत चिमूटभर मीठ टाकण्याची तोड काढली. हें रूपक माझें नव्हे. त्या शास्त्रांत या गोष्टीला खरोखरच मीठ असें नांव आहे. मिठाचे ४०९६ प्रकार ठरविले होते. त्यामुळें दोघांचा शब्द एकच असला तरी पीठ बहुधा निराळें दिसे, आणि एकाचें उघडकीस आलें म्हणून दुसऱ्याचें होत नसे.

रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्प्सन यांनीं १९७९ सालीं या साऱ्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्यांतील एक तपशील मला शिक्षक या नात्यानें फार ओळखीचा वाटला. लोक कसले शब्द निवडतात हें पाहण्यासाठीं त्यांनीं ३२८९ शब्द जमविले. पैकीं २८३१, म्हणजे शेंकडा ८६, हे सहज हुडकतां येण्यासारखे निघाले. पंधरा महाभागांनीं तर एकच अक्षर ठेवलें होतें! बहात्तर जणांनीं दोन. ४९२ शब्द कोशांत किंवा नांवांच्या याद्यांत सांपडणारे होते. माणसाचा स्वभाव त्या प्रयोगशाळेंत आणि आमच्या मराठवाड्यांत सारखाच आहे.

याच मॉरिस यांच्या मुलानें २ नोव्हेंबर १९८८ रोजीं एक किडा जाळ्यांत सोडला, आणि त्यानें इतर मार्गांबरोबर सोपे शब्द ओळखूनहि हजारों यंत्रांत शिरकाव केला, हा योगायोग इतिहासानेंच घडवावा असा आहे. पिठाची यादी आतांपर्यंत सर्वांना वाचतां येत असे. त्या सुमारास ती उचलून केवळ मुख्य अधिकाऱ्यालाच उघडतां येईल अशा निराळ्या फडताळांत ठेवण्याची प्रथा पडली. त्या फडताळाचें नांव ‘शॅडो’, म्हणजे सावली. हेलसिंकीच्या लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्यानें १९९१ सालीं युनिक्सच्या धर्तीवर जी लिनक्स आरंभिली, तिनें हा सारा वारसा उचलला.

तेव्हां मूळ प्रश्नाचें उत्तर आलें. लिनक्सचा संगणक आपला विसरलेला शब्द आपल्याला सांगत नाहीं, कारण तो त्यालाहि माहीत नाहीं. तेथें गयावया चालत नाहीं, पावती दाखवून चालत नाहीं. खुद्द केन थॉम्प्सन यांच्या जुन्या शब्दाचें पीठ एका पुरातन यादींत सांपडलें होतें. कित्येकांनीं तें उकलण्याचा यत्न केला. शेवटीं २०१९ सालीं एका अभ्यासकाचें शक्तिमान यंत्र चार दिवस दळत बसलें तेव्हां तो उलगडला. बुद्धिबळांतील प्याद्याची एक आरंभींची चाल त्यांनीं परवल म्हणून ठेवली होती. आठ अक्षरांचा चाळीस वर्षांपूर्वींचा शब्द, आणि ही यातायात! आजचीं जातीं त्याहून कितीतरी संथ आहेत.

मग धन्यानें करावें काय? येथें मला कोंढाण्याची आठवण होते. १६६५ च्या पुरंदरच्या तहानें जे तेवीस किल्ले मोंगलांस द्यावे लागले, त्यांत कोंढाणा होता. तो १६७० च्या फेब्रुवारींत परत आला, तो दारावर परवल सांगून आला नाहीं. तानाजी मालुसरे आणि त्यांचे मावळे कडा चढून गेले. (घोरपडीची कथा पोवाड्यांतली, ती बाजूस ठेवली तरी कडा आणि दोर उरतातच.) आंत शिरल्यावर जुना पहारा उठला आणि नवा बसला. लिनक्सची रीत अगदीं हीच आहे. जुना शब्द शोधीत बसावयाचें नाहीं. कड्यानें आंत जाऊन नवा शब्द स्थापावयाचा.

हा कडा कोणी विसरून मोकळा ठेवलेला नाहीं. तो जाणून बुजून ठेवला आहे. युनिक्सच्या काळीं यंत्र कुलूपबंद खोलींत असे, आणि त्याच्याशीं जोडलेल्या मुख्य टंकयंत्रापाशीं जो बसला तो त्या खोलीची किल्ली असलेला, म्हणजे विश्वासाचाच माणूस, असें गृहीत धरीत. यंत्र बिघडलें तर त्यानें तें एकट्यापुरतें, दुरुस्तीच्या अवस्थेंत सुरू करावें, अशी सोय होती. परवल ही दुरून, तारेवरून येणाऱ्यांसाठीं. हातीं यंत्र असणाऱ्यासाठीं नव्हे. निजामाच्या राज्याच्या सरहद्दीवर करोडगिरीचे नाके असत, तेथें कोणी गुप्त शब्द विचारीत नसे. हातांत काय आहे हें पाहत. माझें गांव कनेरगांव नाका. हिंगोलीहून वाशीमला जातांना एके काळीं निजामाचें राज्य संपून वऱ्हाड लागे. सरहद्द १९४८ नंतर गेली, नाका नांवांत राहिला. जाणण्यावर विश्वास ठेवावा कीं जवळ असण्यावर, हा वाद अशा गांवच्या माणसाला नवा नाहीं.

आमच्या भागांतील एका शाळेंत दोन वर्षांपूर्वीं असाच प्रसंग आला. शाळेचें नांव सांगत नाहीं. तेथील संगणकावर लिनक्स होती. ती बसविणारे शिक्षक बदलून दूर गेले, आणि त्यांना स्वतःलाहि शब्द धड आठवेना. आंत अकरा वर्षांच्या निकालपत्रकांच्या नोंदी, दाखल्यांचे मसुदे, आणि गांवांतील वृद्धांकडून मुलांनीं ऐकून लिहून घेतलेल्या मुक्तिसंग्रामाच्या आठवणी होत्या. त्या आठवणी सांगणाऱ्यांपैकीं आतां एकहि हयात नाहीं. शहरांतून आलेल्या दुरुस्ती करणाऱ्यानें यंत्र पाहिलें आणि निर्विकारपणें सांगितलें, “सारें पुसून नवें घालावें लागेल.” मुख्याध्यापकांनीं मला बोलाविलें, तें मला यंत्रांतलें कळतें म्हणून नव्हे. माझें शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें. पण माझा एक जुना विद्यार्थी या कामांत वाकबगार आहे, हें त्यांना माहीत होतें. तो आला, दोन मिनिटें पाहिलें, आणि म्हणाला, “गुरुजी, पुसायची कांहींएक गरज नाहीं. चकती निरोगी आहे, आणि तिला वेगळें कुलूपहि घातलेलें नाहीं.”

त्यानें प्रथम जें केलें तें सांगण्यासारखें आहे, कारण पुष्कळदां शब्द विसरलेलाच नसतो. त्यानें अक्षरपट्टी इंग्रजीवर आहे कीं मराठीवर हें पाहिलें. मोठ्या अक्षरांची कळ दाबलेली राहिली नाहीं ना, तें पाहिलें. मराठी अक्षरपट्टी चालूं असतां इंग्रजी शब्द कितीहि बरोबर टंकिला तरी यंत्र नाहींच म्हणणार. तेथें तसें नव्हतें. मग त्यानें यंत्र बंद करून पुन्हां सुरू केलें, आणि सुरू होतां होतां एक कळ धरून ठेवली. कांहीं यंत्रांवर ती शिफ्ट असते, कांहींवर एस्केप. पडद्यावर एक लहानशी यादी आली. ‘ग्रब’ नांवाचा हा द्वारपाल. लिनक्स जागी होण्यापूर्वीं हा जागा असतो. त्यांतील प्रगत पर्यायांत ‘रिकव्हरी’, म्हणजे दुरुस्तीची अवस्था, निवडली. आणि पुढच्या यादींतून ‘रूट’. रूट म्हणजे मूळ. युनिक्सच्या कुळांत सर्वाधिकारी पुरुषाचें हें नांव. काळ्या पडद्यावर अक्षरांची एक ओळ लुकलुकूं लागली, आणि आम्ही कडा चढून गेलों होतों.

येथें अननुभवी माणूस हटकून अडखळतो. तो लगेच नवा शब्द देऊं जातो आणि यंत्र ‘ऑथेंटिकेशन टोकन मॅनिप्युलेशन एरर’ असें भयंकर वाक्य तोंडावर फेंकतें. अर्थ इतकाच असतो, कीं दुरुस्तीच्या अवस्थेंत चकती केवळ वाचण्यापुरती उघडलेली आहे. तिच्यावर लिहितां येत नाहीं. ती प्रथम लिहिण्यासाठीं पुन्हां जोडून घ्यावी लागते. आमच्या विद्यार्थ्यानें तशी आज्ञा दिली, आणि मग पी, ए, एस, एस, डब्ल्यू, डी हीं सहा अक्षरें आणि त्यापुढें शाळेच्या खात्याचें नांव टंकिलें. यंत्रानें नवा शब्द दोनदां विचारला. टंकितांना पडद्यावर ठिपकाहि उमटत नाहीं. त्यामुळें कित्येकांना कळपट्टीच बिघडल्यासारखें वाटतें. मग यंत्र पुन्हां सुरू केलें. नवा शब्द दिला, आणि दार उघडलें. चहा येईपर्यंत काम आटोपलें होतें.

ज्या यंत्रांत ही यादी बंद केलेली असते, तेथें पेन ड्राइव्हवर दुसरी लिनक्स घेऊन तिच्यावर यंत्र सुरू करतात आणि आंतली चकती बाहेरून उघडून तेंच काम करतात. वाट लांबची, मुक्काम तोच.

एक गोष्ट मात्र परत येत नाहीं. घरांतल्या घरांत एक लहान पेटी असते. तींत बिनतारी जाळ्याचे आणि इतर स्थळांचे शब्द सांठविलेले असतात, आणि ती जुन्याच शब्दानें खरोखर सांकेतिक करून ठेवलेली असते. दारावरचा पहारा बदलला तरी त्या पेटीला नवा शब्द चालत नाहीं. शाळेच्या पेटींत फारसें कांहीं नव्हतें. ती टाकून नवी करावी लागली. निकालपत्रकें आणि आठवणी जशाच्या तशा मिळाल्या.

आतां विचारी श्रोत्याच्या मनांत शंका आली असेल. जो कडा धन्याला, तोच चोराला नाहीं काय? निःसंशय आहे. यंत्र कुलूपबंद खोलींतून निघून माणसाच्या पिशवींत आलें, एस्टींत विसरूं लागलें, तेव्हांपासून हातीं असणें म्हणजे धनी असणें, हें समीकरण ढासळलें. रायगडाची हिरकणीची आख्यायिका आपण लहानपणापासून ऐकत आलों. दरवाजे बंद झाले म्हणून ती माउली तान्ह्या बाळाच्या ओढीनें कडा उतरून गेली. आणि जेथून आई उतरली तेथून शत्रु चढेल, हें ओळखून महाराजांनीं तेथें बुरूज बांधविला, असें सांगतात. तिचा गौरव झाला, आणि वाटहि बुजविली गेली. लिनक्समध्यें हा बुरूज २००४ सालापासून ‘लक्स’ या नांवानें प्रचारांत आला. यांत दारावर पहारा बसवून भागवीत नाहींत. आंतली प्रत्येक वस्तु सांकेतिक करून ठेवतात. कडा चढून कोणी आंत गेलाच तर त्याला राखेवांचून कांहीं दिसत नाहीं. आणि मग धन्यानें शब्द हरवला तर धन्यालाहि राखच. ना रिकव्हरी, ना पेन ड्राइव्ह, ना कोणी शहाणा विद्यार्थी.

येथें शिवकालीन व्यवस्था मला अधिक शहाणी वाटते. किल्ल्यावर हवालदार, सबनीस आणि सरनोबत असे तीन सारख्या दर्जाचे अधिकारी नेमीत. एकाच्या फितुरीनें किल्ला जाऊं नये, आणि एकाच्या मरणानें अडूंहि नये. युनिक्सनें मात्र सारा अधिकार एका मूळपुरुषाच्या हातीं दिला. १९८० च्या सुमारास ‘सुडो’ ही सोय निघाली. तिनें मूळपुरुषाचा शब्द न सांगतां त्याचे अधिकार इतरांस वांटून देतां येऊं लागले. तरी बहुतेक घरांत आणि शाळांत तो अधिकार अजून एकाच माणसाच्या डोक्यांत असतो. सुदैवानें लक्सच्या मूळ रचनेंत आठ किल्ल्यांची जागा ठेवलेली आहे. आठ निरनिराळे शब्द, आणि कोणत्याहि एकानें चकती उघडते. लोक त्यांतली एकच जागा वापरतात आणि सात रिकाम्या ठेवतात.

त्या शाळेला गेल्या वर्षीं नवा लॅपटॉप मिळाला. तो पिशवींतून इकडे तिकडे नेला जाणार, म्हणून त्याची चकती सांकेतिक करावी असें ठरलें. एक शब्द मुख्याध्यापकांनीं ठेवला; दुसरा, लांब आणि अगदीं निराळा, एका शिक्षिकाबाईंनीं आपल्या अक्षरांत कागदावर लिहिला. तो दोनदां घालून पाहिला, चकती उघडते याची खात्री केली, आणि कागद पाकिटांत घालून त्यावर लाख लावली. पाकीट कार्यालयाच्या लोखंडी कपाटांत, जन्मनोंदीच्या जुन्या रजिस्टराखालीं आहे. पदभार देतां घेतांना जी यादी होते, तिच्यांत आतां घंटा, नकाशे आणि तराजू यांच्या खालीं त्या पाकिटाचीहि एक ओळ असते.